बोटांना तार कळेना

सोनगीरला हायवेलगत पुनाभाऊंचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात. तीस वर्षं त्यांनी कॉइल भरल्या. तांब्याची तार अंगठ्याखालून सरकवायची, आणि तिच्यावरचा लेप कुठे खरवडला असेल तर ते डोळ्यांआधी बोटाला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते जेवायला घरी आले. त्यांची बायको सुंदरबाई दारातच थबकली.

"तुमनी डावी चप्पल कोठे शे?"

"पायमा शे," खाली न बघताच ते म्हणाले.

पायात चप्पल नव्हती. टाच काचेने फाटली होती आणि वाटभर रक्ताचे डाग पडले होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे मिटायला लावून तळव्यांना बारीक दोरा टेकवून कळतो का ते विचारलं. साखरेने नसा खराब झाल्यात, म्हणाले. गेलेल्या नसा परत येतीलच असं नाही, उरलेल्या मात्र सांभाळता येतील. साखरेची गोळी, रोज पाऊण तास चालणं, बिनसाखरेचा चहा, तंबाखू बंद आणि रोज तळवे तपासणं. पुनाभाऊंना हा इलाजच वाटला नाही. चाला म्हणून सांगायला धुळ्याला कशाला जायचं?

त्यांना इलाज डब्यांत सापडला. जळगावचा जावई ललित नोकरी सांभाळून एका कंपनीची नसांची पावडर विकायचा; त्याने दोन डबे आणले. पहूरच्या बहिणीने कॅप्सूल पाठवल्या. मेडिकलवाल्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि आणखी एक बाटली त्यांनी स्वतः मोबाइलवर जाहिरात बघून मागवली. हे सगळं ते घड्याळ लावून घेत. चालायचं म्हटलं की गुडघा दुखे. सुंदरबाई बिनसाखरेचा चहा ठेवायची, आणि ते दुकानाशेजारच्या टपरीवर गोड चहा पिऊन यायचे. बोलून बोलून तिचं तोंड दुखलं.

वर्षभराने हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, मग ती बधिर झाली. चिंधा पाटलाची मोटर भरून दिली, ती चार दिवसांत जळाली. परत भरून दिली, परत जळाली. चिंधा भला माणूस, काही बोलला नाही. तिसऱ्या वेळी मोटर घेऊन सरळ धुळ्याच्या दुकानात गेला. पुनाभाऊ दिवसभर शटर अर्धं ओढून आत बसून राहिले.

डॉक्टरांनी या खेपेला घरातले सगळे डबे मागवले आणि एकेक लेबल वाचलं. चारही औषधांत तेच एक जीवनसत्त्व होतं, बी सिक्स, तेही भरपूर.

"हे जास्त झालं तर नसा बिघडवतं," ते म्हणाले. "बोटांचं दुखणं बहुतेक यानेच आलंय."

"मग नसांच्या औषधात घालतात कशाला?"

"गरजेपुरतं चांगलंच आहे, पुनाभाऊ. तुम्ही चार माणसांचं एकटे खाताय. आणि चालता किती?"

सुंदरबाई म्हणाली, "दुकान ते घर."

डबे बंद झाले. तपासणीत बी बारा कमी निघालं, त्याची तेवढी इंजेक्शनं दिली. ललितला फोन केला तर तो म्हणाला, आबा, तुम्ही पावडर कोमट पाण्यातून घेतली नसेल. जावयावर ओरडता येईना, म्हणून त्यांनी संतापून फोन बायकोकडे दिला. ती शांतपणे म्हणाली, "जवाई, तुम्ही या, जेवा. पन डबा घेऊन येऊ नका."

त्याला आठ महिने झाले. उजव्या अंगठ्याला आता तारेचा ओरखडा लागतो. डाव्या हाताची बोटं अजून कापसात गुंडाळल्यासारखी आहेत. भरलेली प्रत्येक कॉइल ते मीटर लावून दोनदा तपासतात आणि दोन्ही वेळा चरफडतात. तंबाखू सुटली. टपरीवाल्याला सुंदरबाईने स्वतः जाऊन बजावलं. रोज सकाळी बंद बूट घालून ते गावच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण एक नवा काढा सुचवतो.

पाय आहेत तसेच आहेत. घरी आल्यावर सुंदरबाई मोबाइलचा उजेड पाडून तळवे बघते.

"काय दिसनं?"

"काही नही."

इतकं चालून काही नाही, म्हणून ते रोज वैतागतात. परवा डॉक्टरांना तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जखम नाही, फोड नाही, हेच तर हवं होतं. पुनाभाऊंना ते काही पटलेलं नाही.