चालतं मशीन पुसणाऱ्या शेंडेबाई

एखादं मशीन नीट चालायला लागलं, की शेंडेबाई ते पुसून कोरं करायला लावायच्या. बिघडलेल्या मशीनवर त्यांचा राग नसे. चालतं मशीन मात्र त्यांना बघवत नसे. सगळं जुळून आलंय, आपण खुर्चीत जरा रेललोय, एवढ्यात बाई मागून येणार. "झालं? चालते? मस्त. आता फॉरमॅट मार अन् पुन्हा कर. तू नोको करू, प्रतिभा करन."

आरमोरीच्या बाजारात, बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत बाईंचा कम्प्युटरचा वर्ग होता. शाळेतली गणिताची नोकरी सोडून त्यांनी तो काढलेला. सुरुवातीला चंद्रपूरच्या एका हुशार माणसाने सगळी मशीनं लावून दिली आणि तो हैदराबादला निघून गेला. पुढे ती बंद पडली, आणि पुन्हा कशी उभी करायची ते कुणालाच ठाऊक नसल्याने वर्ग अख्खा पावसाळा बंद राहिला. तेव्हापासून बाईंचं एकच म्हणणं. "माणूस गेला का काम गेलं, असं काम मले नोको."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नागपूरच्या एका कंपनीचे साहेब वर्ग बघून गेले. त्यांना एक नव्या तऱ्हेचा एडिटर हवा होता. आरमोरीच्या मुली आणि नागपूरची माणसं आपापल्या मशीनवर बसून एकाच वेळी एकाच फाइलमध्ये प्रोग्राम लिहितील, असा. त्याचा कच्चा कोड फुकट मिळत होता, पण त्यात फेरफार करायचे तर आधी कोड चालता करणारा कम्पायलर, डझनभर लायब्ऱ्या म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, असं सगळं बिऱ्हाड प्रत्येक मशीनवर मांडायला हवं. ते मांडून दाखवा, काम तुमचं, असं साहेब म्हणाले. प्रतिभा ही बाईंची सर्वांत तयार विद्यार्थिनी. गावच्या तलावात मासे धरणाऱ्या घरातली. काम आलं नाही तर घरचे तिला नागपूरला कापडाच्या दुकानात धाडणार, हे ठरून गेलं होतं. "मले दिवसभर साड्या घडी करत बसायचं नाई, भाऊ," तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं.

मला, म्हणजे या कामासाठी बोलावलेल्या इंजिनिअरला. खांद्याला सीड्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर नागपूरच्या कॉलेजचं तेज घेऊन मी एसटीतून उतरलो होतो.

"येते का तुले?" बाईंनी विचारलं.

"बाई, डाव्या हातचा मळ आहे!"

"मंग हात धुऊन ये अन् बस."

बसलो. एक लायब्ररी बसवावी तर ती दुसरी मागे, दुसरी द्यावी तर पहिली रुसे. फोनच्या तारेवरून इंटरनेट मुंगीच्या चालीने येई. मी इथलं तिथे केलं, तिथलं इथे केलं, मध्येच एक फाइल रागाने खोडली. आणि एका दुपारी चालू झालं! एकाच पानावर दोन कर्सर, एक लाल, एक हिरवा. प्रतिभाने तिकडून 'अ' दाबला, माझ्याकडे उमटला. मी खोलीभर नाचलो. बाईंनी शांतपणे बघितलं आणि आपलं नेहमीचं वाक्य उच्चारलं.

"बाई, साहेब सोमवारी येऊन राह्यले!" मी जवळजवळ रडलो.

"म्हनूनच तं आज पुसून राह्यलो. सोमवारी पुसाले वेळ भेटन का?"

पुसलं. आणि मला कळलं, की मी ते कसं चालवलं होतं ते मलाच माहीत नाही. रागाने खोडलेली फाइल कोणती, तेसुद्धा आठवेना. बाईंनी प्रतिभाला कीबोर्डवर बसवलं आणि मला बाजूच्या स्टुलावर. "हात मांडीखाली दाब. तोंडानं सांग. तुयं बोट कीबोर्डले लागलं तं चहा बंद."

जन्मात इतकी कठीण परीक्षा मी दिली नाही. मी सांगायचो, "ते आपलं... नेहमीसारखं कर." बाई मागून विचारायच्या, "नेहमीसारखं मंजे कसं? ते पोरगी काय तुया डोक्यात राह्यते का?" अर्ध्या पायऱ्या मी बिनकामाच्या केल्या होत्या, त्या गळाल्या. उरलेल्या प्रतिभाने एकीखाली एक अशा रांगेत लावल्या. शेवटी सगळं बसलं, तरी एडिटर उघडेना. तो माझ्या नावाचं फोल्डर शोधत होता. मी दिमाखात जागोजागी स्वतःचं नाव कोरून ठेवलं होतं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "प्रत्येक मशीनवर माझ्या नावाचं फोल्डर बनवू."

बाईंनी चष्मा काढला. "अन् भिंतीले तुया फोटो लावू का? हार कोन आनन?"

प्रतिभा इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. मग तिनेच माझं नाव एकेका ठिकाणाहून काढलं. त्या दिवशी माझ्याशिवाय मशीन चालू झालं.

आता सगळ्या मुली एकदम बसल्या, तर सगळ्यांनी पहिल्याच ओळीवर झेप घेतली. एक लिही, दुसरी खोडी, आणि दोघी एकमेकींवर ओरडत. हा दोष एडिटरचा, असं मी जाहीर केलं. बाईंनी मला बाजूला सारलं. "धानाच्या रोवणीले जाता नाई का गं? बांधीत एकाच जागी सगळ्या वाकता का? आपापली पात धरा, लावत लावत मांगं सरा." मुलींनी फाइलीचे तुकडे वाटून घेतले आणि धान लावावं तशा बिनबोलता ओळीमागून ओळी लावत गेल्या.

सोमवारी साहेबांची जीप खाली थांबली तशी बाईंनी माझ्या हातात किटली दिली. "जाय, चहा घेऊन ये. सावकाश ये."

"आत्ता? बाई, काही अडलं तर?"

"तू समोर असला तं ते तुलेच विचारतीन. जाय."

टपरीवर तासभर उभा राहून मी मान वर करून त्या खिडकीकडे बघत होतो. चहावाला दोनदा म्हणाला, "भाऊ, किटली उतू चालली." वर आलो तेव्हा साहेबांनी आणलेल्या कोऱ्या मशीनवर प्रतिभा सगळं बिऱ्हाड मांडून मोकळी झाली होती, आणि त्यावर दोन रंगांचे कर्सर पळत होते.

"ही मांडणी कुणी बसवली?" साहेबांनी विचारलं.

"आमी," प्रतिभा म्हणाली.

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "साहेबांले चहा दे." साहेबांनी माझ्याकडे न बघता ग्लास उचलला आणि प्रतिभाला म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून सुरू करा."

वर्षभराने मी पुण्याला नोकरीला लागलो. खरं सांगतो, पहिले काही महिने मी आरमोरीच्या फोनची वाट बघितली. कुठेतरी अडेल, मग माझी आठवण येईल, मी मोठ्या मनाने सांगेन, अशी वाक्यंसुद्धा तयार होती. फोन आला एकदम दिवाळीला.

"बोला बाई! काय अडलं?"

"अडन कायले?" बाई म्हणाल्या. "पोरी नीट काम करून राह्यल्या. प्रतिभा आता नव्यांले शिकवते. तुले तिथी जेवन बरं भेटते का नाई, ते इचाराले फोन केला."