हॉर्नला आत्याचं नाव

आत्यानं गाडी दिली तेव्हा एकच अट घातली होती: खोलायची नाही. रंग द्या, सीटांना नवं कापड घाला, काय ते वरवरचं करा. "तिचं हाल केल्यालं दिसलं तर त्याच दिवशी निपाणीला परत न्हेईन," असं तिनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला बजावलं होतं. आत्या बोलते ते करते. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते गेल्यापासून गोल दिव्यांची ती काळी गाडी तिच्या दारात ताडपत्रीखाली उभी होती आणि आत्या तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

बेळगावला आणून परसातल्या शेडमध्ये लावली आणि महिन्याभरात आम्ही ती पार खोलली. इलाजच नव्हता. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, तळ गंजलेला. मी शाळेत विज्ञान शिकवते, सुटी लागली होती, त्यामुळे शिस्तीचं खातं आपोआप माझ्याकडं. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून मी चिठ्ठ्या केल्या, दोरा ओवला आणि निघेल त्या वायरीला सुवाच्य अक्षरात बांधत गेले: 'मागचा डावा दिवा, आतली वायर'. भाऊ मोटारींचं वायरिंगच करतो, पण चिठ्ठी वाचायचा त्याला भारी कंटाळा. तो भलतीच वायर हातात घ्यायचा आणि मी भडकायचे.

एका दुपारी त्यानं हॉर्नच्या वायरीला नुसतं 'आत्या' लिहून टाकलं. मी रागावणार होते, पण हसूच फुटलं. आत्या गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या स्वयंपाकघरात कळतं. मग आम्ही सुटलोच. वायपरला धाकटे काका, कारण पंक्तीत ते नको नको म्हणून मान हलवत राहतात आणि जिलेबी संपवतात. पेट्रोलच्या काट्याला थोरले दाजी, कितीही वाढा, रिकामेच. फ्यूजच्या डबीवर भावानं 'आक्का' लिहिलं, म्हणजे मी, लवकर उडते म्हणून. ढकलल्याशिवाय न उठणाऱ्या सेल्फ-स्टार्टरवर मी त्याचं नाव बसवलं. गंमत म्हणजे त्यानंतर त्याची एकही वायर चुकली नाही.

आणि एका सकाळी, न कळवता, आत्या पहिल्या बसनं आली. आईला न भेटताच ती थेट शेडमध्ये शिरली. दारं भिंतीला टेकवलेली, सीटा बाजल्यावर उलट्या, आणि उघड्या सांगाड्यातून लोंबणाऱ्या वायरींना पत्रिकांचे तुकडे. गाडी निपाणीला परत चालली, असं मी मनातल्या मनात धरून टाकलं.

तिनं चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी वाचायला लागली. काकांपाशी ओठ जरा हलले. मग ती स्वतःच्या नावापाशी आली. मी भावाकडं पाहिलं, तो हातातल्या पान्याकडं बघत होता. हे फक्त लक्षात राहावं म्हणून, सगळं होतं तसं जोडून देतो, असं मी काहीबाही पुटपुटले. आत्या परत पहिल्यापासून वाचत गेली, या खेपेला काहीतरी शोधत.

"ह्यात तुमचं मामा कुठं हाईत?" तिनं विचारलं.

गेलेल्या माणसाची थट्टा नको, तुला वाईट वाटेल, म्हणून त्यांना घेतलं नाही, असं मी सांगितलं.

"समदं गणगोत बसवलंसा. आन् गाडी ज्यांची त्येंनाच जागा न्हाय व्हय?"

मला एकदम रडू आलं. आत्यानं तिकडं लक्ष न देता सुट्या भागांचं खोकं धुंडाळलं आणि छतातला छोटा दिवा काढला, दार उघडलं की लागणारा. मामा, ती सांगू लागली, तंबाखूच्या वखारीतून दमून यायचे आणि घरासमोर गाडी उभी करून स्टेअरिंगवरच डोळा लागायचा. ती जाऊन दार उघडायची, दिवा लागायचा, आणि मामा दचकून, आपण झोपलोच नव्हतो म्हणून सांगायचे. रोज तेच सांगायचे, म्हणाली, आणि ती रोज खरं मानायची. मी नव्या चिठ्ठीवर 'मामा' लिहिलं आणि ती त्या दिव्याला बांधली.

भावानं बॅटरी ओढत आणली, दिवा छतात बसवला, दाराच्या चौकटीतलं बटण जोडलं. बटण अंगठ्यानं दाबलं की दिवा विझायचा, सोडलं की लागायचा. शेडमधल्या अंधारात पिवळा उजेड स्टेअरिंगवर आणि त्यामागच्या उघड्या पत्र्यावर पडला. आत्या दाराच्या रिकाम्या जागेत उभी राहून आत बघत राहिली. भाऊ बटण दाबत आणि सोडत होता. ती नको म्हणेना.

शेवटी मीच भीत भीत विचारलं, गाडी परत न्यायची का.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"आधी ती फुडची सीट बसवा," ती म्हणाली. "त्येंनी बसायचं कुठं?"