टाईल्सवरचा सडा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही भलतंच लिहून हसू होईल अशी धास्ती वाटते... तरी लिहिते.

माझं गाव कामरगाव. कॉलेज कारंज्याला, म्हणून देवळामागच्या गल्लीत खोली घेऊन राहत होते. खोली सुटली की कॉलेज सुटलं, हे बाबांनी आधीच बजावलं होतं.

ओळीनं चार खोल्या, पुढे अंगण. कोपऱ्यातल्या खोलीत शांतामाय — भाजी विकणारी, माझ्या जन्माआधीपासूनची भाडेकरू. रोज सकाळी दारात शेणाचा सडा, रांगोळी, आणि रांगोळीच्या बाहेर एक सुटा ठिपका. "तो आल्यागेल्याचा," म्हणायची.

मग घरमालकाला 'होमस्टे'चा साक्षात्कार झाला. दर्शनाला येणारे ॲपवरून एका रात्रीपुरती खोली घेतात. म्हणजे वर्षानुवर्षं राहिलेल्यांना हाकलायचं, आणि चादरी मळवून सकाळी पसार होणाऱ्यांसाठी 'अतिथी देवो भव'ची पाटी लावायची. अंगणात चकचकीत टाईल्स आल्या. दारात तुळस आली — प्लास्टिकची. त्याचं बघून बाकीच्या घरमालकांनीही तेच केलं. आता गल्लीत कोण कुठला, कुणाला ठाऊक नाही.

शांतामाय निघाली तेव्हा मालकाने मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. "जाय आता मावशी, गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"जाय म्हनू नाई रे बाप्पा," ती म्हणाली. "येतो मी."

दुसऱ्या सकाळी तिच्या दारासमोर, टाईल्सवर, सडा. ओला. रांगोळी, आणि बाहेर एक ठिपका. मग रोजच.

मालक माझ्यावर आला. "तूच करून राह्यली हे. माह्या टाईल्सची वाट लावली."

"मी कायले करू काका? शेण काय ॲपवर भेटते?"

त्याने फरशी ॲसिडने धुऊन घेतली, वर कॅमेरा बसवला आणि मला तिथंच उभं केलं. ऊन चढलेलं, टाईल्स खडखडीत कोरड्या. "थो कॅमेरा पाय. आता कर म्हना," तो म्हणाला. दोघांनी वर पाहिलं. खाली पाहिलं तर फरशी ओली... शेणाचा वास. ठिपका त्याच्या चपलेला टेकलेला.

तो घाबरला असता तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. त्याने फोटो काढला. ॲपवर टाकला — 'पारंपरिक वऱ्हाडी स्वागत'.

शांतामाय वाशीमला भाचीच्या फ्लॅटमध्ये राहते. मी फोन केला.

"इथं अंगनच नाई पोरी, सडा कुठं टाकू? पन सकाळी उठली का माहे हात ओले असते."

स्वागताला गर्दी वाढली, म्हणून माझीही खोली गेली. निघताना तोंडात 'जाते' आलं होतं. ते गिळलं आणि शांतामायसारखं "येतो" म्हणाले.

आता कामरगावहून बसने ये-जा करते. बाबा म्हणतात, हे सेमिस्टर होऊ दे, मग बघू. परवा मैत्रिणीने ॲपवरचा नवा फोटो दाखवला. माझ्या सुटलेल्या खोलीच्या दारासमोरही सडा. रांगोळीबाहेर ठिपका.

आणि आज सकाळी चहा देताना आई म्हणाली, "आपल्याकडं ना गाय ना म्हैस. तुह्या हाताले शेनाचा वास कायचा येते?"