उत्तनची बस आणि शार्लेटचा क्लाउड

उत्तनला गेले ते समुद्रासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. भाईंदर पूर्वेला माझं छोटं नर्सिंग होम आहे. तिथे माझ्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टर शार्लेटने तिच्या गावी, उत्तनला, दवाखाना काढला आणि पेशंटचे सगळे रेकॉर्ड क्लाउडवर टाकले. म्हणजे कपाट नाही, फायली नाहीत, इंटरनेट असेल तिथून माहिती उघडायची. तेव्हापासून आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर नुसतं शार्लेट, शार्लेट. इकडे माझे जुने पेशंट एकेक करून यायचे थांबलेत. आपणही क्लाउड घ्यावा का, हे मला या आठवड्यात ठरवायचं होतं. पण मनातून, तिथे काहीतरी बिघडलेलं बघायला मिळावं एवढीच इच्छा होती.

तुम्हाला जायचं असेल तर भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून बस पकडा. रिक्षाही मिळते, पण भाडं ऐकून समुद्राची हौस फिटते. बस मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं घेत जाते. टॉवरच्या मधूनच कौलारू घरं डोकावतात, एखादा क्रूस दिसतो. राईच्या थांब्यावर पिशव्या घेतलेल्या बायका चढल्या. पूर्वी या थांब्यावरून लोक उलट्या बाजूची बस पकडून माझ्याकडे यायचे, हे आठवून उगाचच तोंड कडू झालं.

उत्तनला उतरलं की आधी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. मग रंगवलेल्या होड्या. शार्लेटचा दवाखाना चर्चच्या गल्लीत, खाली जाळी विणणाऱ्यांची पडवी, वर ती. दारातच मिठी मारली तिने. "मॅडम, कळवलं असतं तर बोंबील तरी आणून ठेवले असते!" इतक्या प्रेमाने बोलली की आणखी राग आला.

"नेट गेलं तर काय करतेस?" बसता बसताच मी विचारलं.

"जातंच की. म्हणून सकाळीच आजच्या पेशंटची माहिती इथे उतरवून ठेवतो."

"आणि कोणीही उघडून वाचलं तर?"

"प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, मॅडम. कोणी काय उघडलं तेही दिसतं." मग हसत म्हणाली, "पण सुरुवातीला आम्ही जाम माती खाल्ली. इथे सायमन किती! बापाचं नावही तेच, आडनावही तेच. कॉम्प्युटरने सगळे सायमन एकत्र केले. धडधाकट पोराच्या नावावर म्हाताऱ्याची शुगर! मग नावापुढे होडीचं नाव लिहायला लागलो. आता एकही चूक नाही."

पहिलं अर्धं ऐकताना मला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. शेवटच्या वाक्याने त्या थांबल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावातली एक होडी दुसऱ्या बंदराला लागली होती, तिच्या तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाच्या, छातीत दुखत होतं, तिथल्या डॉक्टरांना त्याचा जुना ईसीजी हवा होता. शार्लेटने फोनवरच तांडेलाला विचारलं, "दाखवू ना?" आणि उभ्या उभ्या मोबाईलवरून पाठवला. मी असते तर कपाटाची किल्ली शोधत बसले असते. मला तिचा हेवा वाटला, चांगला सणसणीत.

बाहेर आले तर रिसेप्शनवरच्या मुलीने पुकारलं, "तुळसाबाई पाटील, राई!" आणि बाकावरून उठल्या त्या माझ्या राईच्या काकी. दम्याच्या जुन्या पेशंट, मी त्यांना काकीच म्हणत आले. मला बघून ओशाळल्या.

"डॉक्टरीनबाय, तुमी इथं?"

"मी फिरायला आले. तुम्ही?"

"तुमाला माजा सगला तोंडपाठ हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन तुमी भाचीच्या लग्नाला गेल्या, तवा तुमच्या जागी बसलेल्या डॉक्टरला कायच म्हाईत न्हाय. मना कंची गोली चालत न्हाय ते मनापन सांगता येईना. तो घाबरला, गोलीच दिली न्हाय. रातभर दम लागला."

माझी स्मरणशक्ती म्हणजे माझा मोठा अभिमान; नेहमीच्या पेशंटची फाईल मी कधी केलीच नाही. मी गावाला गेले की ती माझ्याबरोबर बॅगेत जाते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जेवायचं असेल तर चौकातल्या खानावळीत तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी घ्या, स्वस्त आणि झकास. मला मात्र चव लागली नाही. परतीच्या बसमध्ये काकी शेजारी बसल्या. राई आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या, "तुमच्याकडं पन तसा झाला तर सांगा. माजा लिवून ठेवा. मी येन."

घरी आले. शार्लेटने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली. तिचे बोंबीलसुद्धा बाजारातल्यापेक्षा चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी क्लाउडवाल्यांना बोलावलं, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर पहिला पेशंट मीच भरायला बसले, राईच्या काकी. न चालणारी गोळी, पंपाचा डोस, थंडीत वाढणारा त्रास, सुनेच्या चुलीचा धूर, सगळं न अडखळता उतरलं. हे शार्लेटला कधी जमलं नसतं, असं वाटून बरं वाटलं.

वरचा नावाचा रकाना तेवढा राहिला होता. तिथे 'तुळसाबाई' लिहिलं. इतकी वर्षं तोंडपाठ असलेल्या बाईचं नाव मी शार्लेटच्या दवाखान्यातून घेऊन आले होते.