जर्सींची पिशवी आज माझ्याकडे

मंडळी, आज कशातच लक्ष लागत नाहीये.

माझी लेक रेवा इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या एका हौशी रग्बी टीममध्ये खेळते. नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या मुली सगळ्या. मी त्यांच्याबरोबर गावोगाव जाते. नियम अजून कळत नाहीत, पण ओरडते जोरात.

आज सॅक्रामेंटोला मॅच होती. आमच्या बऱ्याच मुली आल्याच नाहीत. कोणाचा जॉब गेला, कोणी भाडं परवडेना म्हणून टेक्सासला गेली. अशा वेळी समोरची टीमच आपल्या मुली उसन्या देते, तशी रीतच आहे. त्या आमच्या जर्सी घालून खेळल्या. तरी हरलोच.

मग कोचने सगळ्यांना गोल उभं केलं आणि टीम बंद करत असल्याचं सांगितलं.

गाडीत मी म्हटलं, "दुसरी टीम मिळेल गं."

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

प्रत्येक मॅचनंतर एकेक घर सगळ्यांच्या जर्सी धुऊन आणतं. आज पाळी माझी होती. मीही सवयीने पिशवी गाडीत टाकली. आत्ता गराजमध्ये मशीन चालू आहे.

चिखल निघेल हो. पण घड्या घालून झाल्यावर त्या कोणाला नेऊन देऊ?