काकांची पाहुणी नळी

आमच्या घरमालक काकांइतका स्वतःच्या आवाजावर प्रेम करणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. एसटी स्थानकात गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर ती सवय त्यांच्याबरोबर घरी राहायला आली. पंचवटीतल्या त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी कॉलेजसाठी आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी जिन्याखालून आवाज आला, "वरच्या खोलीतील विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी, नळाचे पाणी थोड्याच वेळात सुटत आहे!" वरच्या खोलीत विद्यार्थी मी एकटाच होतो. काकूंचे पोहे तयार झाले की त्याची घोषणा, चहाला उशीर झाला की दिलगिरीची घोषणा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझा निकाल सायखेड्याला आईवडिलांना कळण्याआधी काकांनी गॅलरीतून गल्लीला सांगितला, "सायखेड्याहून आलेला मुलगा पास होऊन पुढे मार्गस्थ होत आहे!" खाली भाजी घेणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत माझा आवाज घशातच अडकायचा, म्हणून काका रोज संध्याकाळी मला गाड्या पुकारायला लावायचे. "पोटातून बोल, पोटातून! मागच्या बाकावरची म्हातारी उठली पाहिजे." सातपूरच्या कारखान्यातली माझी नोकरी मला त्या तालमीनेच दिली, असं मी आजही मानतो.

अशा माणसाच्या श्वासनळीनेच संप पुकारला. वाक्य अर्ध्यावर आलं की खोकला, आणि खोकला असा की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. कितीतरी वर्षं दमा समजून पंप ओढून झाले. हसलं तर जीव गुदमरायचा, म्हणून काकूंनी घरात विनोदी मालिकांवर बंदी घातली. शेवटी मी त्यांना मोटरसायकलवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दुर्बीण घालून पाहिलं. श्वास आत जाताना नळी ठीक असायची, पण बाहेर सोडताना तिची ढिली भिंत आत कोसळून वाट बुजवायची. मला आमच्या शेतातला लपेटा पाइप आठवला, पाणी बंद केलं की चपटा होणारा. काकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "वा! शेती तुझी आणि पाइप माझ्या छातीत?"

मॅडमनी तात्पुरता स्टेंट सुचवला. सिलिकॉनची नळी आत बसवायची, दोनेक आठवडे ठेवायची आणि काढायची. तेवढ्या दिवसांत बरं वाटलं, तर भिंतीला जाळीचा आधार शिवायचं मोठं ऑपरेशन उपयोगी पडेल. नाही वाटलं, तर छाती उघडायचंच कारण नाही.

आणि काय सांगू, नळी बसली आणि काका उधळले! खारट पाण्याची वाफ घ्यायची आणि उरलेला दिवस बोलायचं. भाजीबाजारात जाऊन त्यांनी लोकांच्या मेथीचे भाव पुकारले. सख्ख्या बहिणीशी फोनवर इतकं हसले की तिकडे ती घाबरली. काकूंनी मालिकांवरची बंदी उठवली. "हा माणूस आता मलाच बोलू देत नाही," त्या तक्रार करायच्या, आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

नळी काढायच्या दिवशी मी रजा घेऊन हजर झालो, तर दार आतून बंद. गॅलरीतून घोषणा झाली, "दवाखान्याकडे जाणारी फेरी रद्द करण्यात आली आहे!"

"काका, मॅडम वाट बघतायत. ही नळी ठेवली तर आत कफ साचून वाट बंद होईल."

"चालू गाडी कुणी डेपोत लावतं का रे?"

"अहो, उघडा दार," काकू माझ्या शेजारून म्हणाल्या. त्या दूध आणायला खाली गेल्या होत्या आणि माझ्याबरोबर बाहेरच अडकल्या होत्या.

मग काका खाली वाकले आणि घोषणेचा नव्हे अशा आवाजात म्हणाले, "आणि ऑपरेशननंतर हा श्वास परत मिळाला नाही तर?"

काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली. "पंधरा दिवसांचा नवरा घेऊन मी काय करू? मला पुढचाही हवाय. या खाली."

कडी वाजली. काका इस्त्रीचा शर्ट घालूनच बसले होते.

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. आवाज थोडा खाली बसलाय आणि घोषणा आखूड झाल्यात, पण खोकला गेला. परवा मी सातपूरहून भेटायला गेलो, तर काका मला घेऊन नदीवर निघाले. परतताना घाटाच्या पायऱ्या चढता चढता मध्येच थांबले.

"दमलात का, काका?"

"नाही रे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "दम लागतोय का, ते बघतोय."

मग पुढची पायरी चढले.