चिनीमातीची मूठ

दिवाळीच्या अवसेला तांड्यावर असं दव पडलं होतं की पऱ्हाटीची बोंडं जड होऊन खाली बघत होती. ओला कापूस वेचायचा नसतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत बायामाणसं शेण-सारवणात गुंतली होती. एरवी ह्या वेळेला देवीलाल गोठ्यात असायचा. आज तो नव्या घराच्या दारापुढे उकिडवा बसून धोतराच्या सोग्यानं दाराची पांढरी मूठ पुसत होता. शेणाचं टोपलं गोठ्यात रिकामं पडलं होतं आणि बैल खुंट्याभोवती नुसते फिरत होते. त्याची बायको सुखीबाई अंगण सारवता सारवता म्हणाली, "बैलाइले बी एकएक मूठ बसवून द्या. मंग तरी तिकडं हात फिरन."

देवीलालनं ऐकलंच नाही असं केलं. ह्या बाबतीत त्याला चांगला सराव होता.

आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला, त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. आर्णीपासून कोसभरावर, अरुणावतीच्या काठच्या ह्या तांड्यात विटांचं पहिलं घर देवीलालनं बांधलं. त्याचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा, तेव्हा दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. बापानं कुडाच्या घराला ताटी लावली. त्यामुळे दार निवडायचं शहाणपण त्याच्या घराण्यात कोणाकडेच नव्हतं. हौस मात्र तीन पिढ्यांची साचलेली.

त्या हौसेला आर्णीचा रहमत मिस्त्री भेटला. जुन्या जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, साहेबी बंगला पाडायला काढला, तेव्हा त्याची दारं-खिडक्या रहमतनं उचलल्या होत्या. दुकानात एका पोत्यावर त्यांच्या सामानाचा ढीग होता. पितळी मुठी, नक्षीच्या बिजागऱ्या, किल्लीच्या भोकावरची झाकणं, आणि सिंहाच्या तोंडात अडकवलेली एक कडी. देवीलाल दर बाजाराला तिथं जाऊन बसायचा. एका बाजाराला सिंह पसंत पडायचा, दुसऱ्या बाजाराला पितळ. सिंहाचा पत्ता सुखीबाईनं घरूनच कापला. सिंहाच्या जबड्यात हात घालून घरात येईल अशी सोयरीक आपल्याले कुठं भेटणार नाही, म्हणाली.

मग एकदा ढिगाच्या तळातून ती निघाली. पांढरी, गुळगुळीत, बारीक निळ्या फुलांची. देवीलालनं ती ओळखली. लहानपणी बापासोबत कापसाची गाडी घेऊन तो त्या जिनात जायचा. बंगल्याच्या पायऱ्यांखाली बाप पागोटं काखेत धरून उन्हात उभा राहायचा आणि दोघंही ह्याच मुठीकडे बघत राहायचे. ती फिरली की साहेब बाहेर येणार. कधी फिरायची, कधी नाही. हे त्यानं रहमतला सांगितलं नाही. सुखीबाईलाही नाही.

रहमत मात्र प्रामाणिक माणूस. "देवीलालभाऊ, ह्या जोडीतल्या आतल्या मुठीचा पेच गेला. पेचाबिगर मूठ दोघीइच्या मधल्या गजावर टिकत नाही. ही पितळी घे. साधी हाय, पन नातवाच्या नातवाले पुरन."

"पेच नाही त बाभळीचा काटा मारू. आमच्या गाडीले बाभळीची खीळ चालते, तुह्या मुठीले काय धाड भरली?"

"घे बापा," रहमत म्हणाला. "दार तुहं, काटाबी तुहा."

दार बसलं आणि तांड्याची शाळा सुरू झाली. जो येईल त्याला देवीलाल मूठ फिरवायला लावायचा. डोक्यावर घागर, कडेवर लेकरू घेतलेल्या बाईनं कोणत्या हातानं मूठ फिरवायची, हे त्या शाळेत शिकवत नव्हते. सुखीबाई कमरेनं ढकलून बघायची, आणि नाहीच जमलं की दाराला वीट लावून ते सताड उघडं ठेवायची. देवीलाल वीट काढायचा. ती परत लावायची. मागच्या दाराची चौकट अजून यायची होती, म्हणून ती जागा चिखल-विटांनी बुजवून ठेवलेली. घरात शिरायला काय ती एवढीच वाट.

अवसेच्या सांजेला तांड्यात मेरा असतो. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन घराघरात जातात, 'तोन मेरा', म्हणजे तुम्हाला मेरा, असं म्हणत थोरामोठ्यांना ओवाळतात, त्यांचा आशीर्वाद घेतात. देवीलालची जमनी एकुलती. येत्या उन्हाळ्यात तिचं लग्न मुकुटबनकडच्या तांड्यात ठरलेलं, म्हणजे बापाच्या घरचा हा तिचा शेवटचा मेरा. आठ दिवसांपासून देवीलालच्या मनात एकच चित्र होतं. आपण पागोटं बांधून बाजेवर बसलो आहोत, मूठ हळूच फिरते, दार उघडतं, आणि दारात कोणी साहेब नाही, आपली पोर दिवा घेऊन उभी आहे.

"आज त दार उघडं ठेवा," सुखीबाई म्हणाली. "पोरीइच्या हातात दिवे रायतीन."

"ठोठावून, मूठ फिरवून येतीन. रीत असते," देवीलाल म्हणाला. त्यानं वीट काढली आणि दार आतून लावून घेतलं. असली रीत तांड्यात कोणी ऐकली नव्हती. सुखीबाई हसत बायांमध्ये निघून गेली.

पोरी आल्या. जमनीनं आपला दिवा मैत्रिणीकडे दिला आणि तेलकट हातानं मूठ धरली. ती घसरली. देवीलालला धीर धरवेना. तो उठला आणि आतली मूठ धरून त्यानंही हिसका दिला. दोन्हीकडून ओढाताण झाली, बाभळीचा काटा कटकन मोडला, आतली मूठ देवीलालच्या हातात आली आणि बाहेरची, गजासकट, जमनीच्या. तिनं गज भोकात परत घालून पाहिला, पण आतल्या खिटीचं चौकोनी भोक तिरपं फिरून बसलं होतं. आर्णीहून रहमतला आणेपर्यंत दिवे थोडेच तेवत राहणार होते.

देवीलाल बंद दारासमोर उभा होता. धडपडीत पागोटं सुटलं होतं, ते त्यानं काखेत धरलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा त्यानं ते परत डोक्याला गुंडाळलं.

मग खिडकीच्या गजांमागे उजेड हलला. देवीलाल घाईनं बाजेवर चढला. जमनीनं टाचा उंचावून दिवा गजापर्यंत नेला आणि म्हणाली, "बापू, तोन मेरा."

देवीलालनं गजांतून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. 

"सासरी मी काय सांगीन, बापू?" जमनी म्हणाली. "आमचा बाप लय मोठा माणूस हाय, खिडकीतून भेटते?"

पोरी खिदळल्या. देवीलालही हसला, पण हात काढायचं विसरला. शेवटी जमनीच म्हणाली, "सोडा आता, दिवा विझन."

पोरी पुढं गेल्यावर सुखीबाईनं पहार आणून मागच्या चार-सहा विटा काढल्या. त्या भोकातून आपला नवरा बकरीच्या पिल्लासारखा रांगत बाहेर येताना पाहून तिनं काही म्हटलं नाही. देवीलालला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहमत आला, दार उघडून त्यानं साधा कडी-कोयंडा ठोकला आणि पांढऱ्या मुठीचं काय करायचं ते विचारलं. देवीलालनं ती हातात फिरवली, सुखीबाईकडे एकदा पाहिलं आणि गोठ्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. रहमतनं गजासकट ती तिथं पक्की बसवून दिली.

देवीलालनं बैलाचं दावं सोडून तिच्यावर अडकवलं, टोपलं ओढलं आणि दोन दिवसांचं शेण भरायला बसला.